घराचा चार्ज

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते रेल्वेत सीनियर सेक्शन इंजिनियर, रेलपथ, या पदावर काम करतात.)



समितीने मला बोलायला विषय दिला 'गृहव्यवस्था'. वास्तविक इथे बसलेल्या वहिनींपैकी कोणीही या विषयावर माझ्यापेक्षा चांगले बोलल्या असत्या. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रूळ, स्लीपर आणि खडी यांत वावरणारा माणूस. मी कार्यवाहांना तसे सांगितलेही. ते म्हणाले, "साहेब, ज्यांना घर चालवता येते त्यांना व्याख्यानाची गरज नाही. ज्यांना येत नाही त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोला." तेव्हा आज मी मुख्यतः पुरुषमंडळींशी बोलणार आहे. भगिनींनी साक्षीदार म्हणून बसावे आणि माझे कुठे चुकले तर प्रसादाच्या वेळी सांगावे.

रेल्वेतल्या मंडळींना एक शब्द चांगला ओळखीचा आहे. तो शब्द म्हणजे 'चार्ज'. आमची बदली झाली की आम्ही उठून चालू लागत नाही. नव्या माणसाला चार्ज द्यावा लागतो. स्टोअरमधले सामान मोजून द्यायचे, रजिस्टरे दाखवायची, किल्ल्या हवाली करायच्या. कुठे वेगमर्यादा लावली आहे, कुठल्या किलोमीटरला पावसाळ्यात माती खचते, कुठला वेल्ड संशयास्पद आहे, हे सगळे सांगायचे. शक्य असेल तर ट्रॉलीवर बसून दोघांनी मिळून सेक्शन पाहायचा. मग दोघांच्या सह्या होतात. सही झाल्याशिवाय जुना माणूस सुटत नाही.

असा नियम का केला असेल? कारण रूळ माणसासाठी थांबत नाही. इन्स्पेक्टर बदलला, आजारी पडला, निवृत्त झाला तरी हावडा-मुंबई लाइनवरची गाडी तिच्या वेळेला येणारच. ज्या माणसाशिवाय सेक्शन चालत नाही, तो सेक्शन धोक्यात आहे असेच आम्ही समजतो.

घरही थांबत नाही. पण घराचा चार्ज कोणी कोणाला दिल्याचे मी अजून पाहिलेले नाही. आजचे माझे सगळे बोलणे एवढ्या एका मुद्द्यावर आहे.

स्वयंपाकघराचा सेक्शन

आधी थोडे आकडे. केंद्र सरकारचे सांख्यिकी कार्यालय देशभर 'वेळेचा वापर' कसा होतो याची पाहणी करते. २०१९ च्या पाहणीत असे दिसले, की घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ ची पाहणी झाली तेव्हा हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे मिक्सर आले, वॉशिंग मशीन आले, दोघांचीही थोडी थोडी मिनिटे वाचली. अंतर मात्र २०२ मिनिटांचे २०१ झाले. पाच वर्षांत एक मिनिट! आमच्या एखाद्या कामाची प्रगती अशी असती तर मंडल कार्यालयातून केव्हाच विचारणा झाली असती.

पण माझी चिंता या मिनिटांपेक्षा वेगळी आहे. मिनिटे मोजता येतात. घर चालवणारीच्या डोक्यात जे असते ते मोजता येत नाही. दुसरा सिलिंडर कधी लावला, जुनी तूरडाळ कुठल्या डब्यात आणि नवी कुठल्या, आजींची रक्तदाबाची गोळी सकाळची की रात्रीची, धाकट्याची कुठली लस राहिली आहे, कुणाच्या लग्नात आपल्याला काय आहेर आला होता, दूधवाल्याने या महिन्यात किती खाडे केले. हा सगळा सेक्शन एका माणसाच्या डोक्यात असतो आणि त्या माणसाला रिलीव्हर नाही.

आपल्या बायकांना याची जाणीव फार पूर्वीपासून होती. लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१० साली 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे पुस्तक लिहिले. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले, त्यात वाटी आणि चमचा यांची मापे दिली. नोकरीनिमित्त आईपासून शेकडो मैल दूर गेलेल्या कितीतरी मुलींनी त्या पुस्तकावर संसार केला. रायपूर, भिलाई, बिलासपूरच्या घरांतही ही पुस्तके तेलाचे डाग पडलेली सापडतील. मला विचाराल तर त्या चार्ज लिस्ट आहेत. एका पिढीने दुसऱ्या पिढीला स्वयंपाकघराचा चार्ज लिहून दिला. राहिला तो पुरुषांचा वाटा. आपण तो कधी मागितला नाही.

उन्हाळी वेळापत्रक

आता उन्हाळ्याचे सांगतो, कारण आपल्या रायपुरात घराची खरी परीक्षा मे महिन्यातच होते. पारा ४४-४५ अंशांवर जातो. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा लागतो. हवेपेक्षा रूळ कितीतरी जास्त तापतो. लांब वेल्डेड रुळाचे तापमान ठरलेल्या ताणमुक्त तापमानाच्या २० अंश वर गेले, की आम्ही हॉट वेदर पेट्रोलिंग सुरू करतो. गँगला शक्यतो सकाळी लवकर कामावर घेतो, दुपारच्या उन्हातून सोडवतो, पाण्याची सोय बघतो. हे झालेच पाहिजे, कारण ती माणसे आहेत.

मग त्याच महिन्यात, त्याच दुपारी बारा वाजता, पत्र्याच्या नाहीतर स्लॅबच्या तापलेल्या छताखाली, गॅसच्या दोन शेगड्या पेटवून जी पोळ्या लाटते तिचे वेळापत्रक कोणी बदलले? पंखा लावावा तर गॅस विझतो. कूलर बैठकीत. हॉट वेदर पेट्रोलिंगचा नियम स्वयंपाकघराला लागू नाही.

म्हणून आमच्या घरी आम्ही उन्हाळी वेळापत्रक केले आहे. सोपे आहे. सकाळी नऊच्या आत गॅस बंद. दुपारी सकाळचेच वरण-भात-भाजी, काकडीची कोशिंबीर, ताक. आठवड्यातून दोन दिवस छत्तीसगडी पद्धतीने बासी, म्हणजे रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी मीठ, कांदा, हिरवी मिरची, दही यांच्याबरोबर खायचा. माझ्या आईला आधी ते पटेना. "पाहुण्याला शिळे वाढायचे का," म्हणाली. आता एप्रिल लागला की तीच आठवण करते. इथल्या शेतकऱ्याने उन्हावर पिढ्यान्‌पिढ्या काढलेला हा तोडगा आहे, आणि त्याला चूल पेटवावी लागत नाही.

आणि रविवारी संध्याकाळी गच्चीवर शेगडी. इथे लोक तिला सिगडी म्हणतात. रविवारी रात्रीचे जेवण निखाऱ्यावर भाजून करायचे आणि ते काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझे व मुलांचे. घरातल्या बाईने गच्चीवर यायचे ते जेवायला.

हे 'शेवटपर्यंत' महत्त्वाचे आहे. पुरुषाने एक दिवस निखाऱ्यापुढे उभे राहायचे, चिमटा हातात घेऊन फोटो काढायचा आणि कांदे चिरणे, वाटण, ताटे धुणे, राख काढणे बाईने करायचे, याला मी काम म्हणत नाही. रेलपथवाल्यांना ट्रॅफिक ब्लॉक माहीत आहे. ब्लॉक मागायचा, सामान आधी साइटवर आणायचे, दोन्ही बाजूंना संरक्षण लावायचे, काम करायचे, हत्यारे मोजून परत घ्यायची, रूळ गाडीसाठी योग्य आहे असे लिहून द्यायचे आणि मग ब्लॉक सोडायचा. मधेच हत्यार टाकून निघून गेलेला माणूस आम्हाला चालत नाही. रविवारची शेगडीही तशीच.

नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी थोडे तपशील सांगतो. कोळसा लाकडी घ्यायचा. आपल्या मार्गावरून कोरबाच्या कोळशाचे रेक रोज जातात, पण तो दगडी कोळसा अन्नाखाली घालायचा नाही, त्याच्या धुरात गंधक असते. रॉकेल ओतून पेटवायचे नाही, अन्नाला वास लागतो. काड्या, नारळाची शेंडी पुरते. ज्वाळा असेपर्यंत थांबायचे. कोळशावर पांढरी राख धरली की भाजायला घ्यायचे. घाई केली की बाहेरून काळे आणि आतून कच्चे. आणि एक गोष्ट कधीही विसरायची नाही. शेगडी बंद खोलीत न्यायची नाही. हिवाळ्यात शेकायला सुद्धा नाही. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतला माणूस उठत नाही.

भाजायचे काय? कैरी. सालीसकट निखाऱ्यात ठेवायची, साल काळी पडून आतला गर मऊ झाला की काढायची. गराचा उष्टा अंबट-धुरकट वास येतो तो उकडलेल्या कैरीला येत नाही. एक वाटी गराला दीड-दोन वाट्या गूळ, मीठ, वेलदोडा. झाले आपले पन्हे. त्याच गरात काळे मीठ, भाजलेले जिरे आणि पुदिना घातला की शेजारचे शुक्लाजी त्याला आम पना म्हणतात. वांगे भाजताना आधी टोचे मारायचे, तेलाचा हात लावायचा, देठाजवळचा भाग मऊ होईपर्यंत फिरवत राहायचे आणि मग पाच मिनिटे झाकून ठेवायचे. वाफेने साल आपोआप सुटते. टोमॅटो, ज्याला इथे पताल म्हणतात, तो भाजून लसूण-मिरचीबरोबर पाट्यावर रगडला की जेवणाला दुसरे काही लागत नाही.

शेवटी पानगे. आपल्यापैकी ज्यांचे मूळ विदर्भात आहे त्यांना सांगायला नको. कणकेचा गोळा थापून पळसाच्या पानांत ठेवून गोवरीच्या निखाऱ्यावर भाजायचा. छत्तीसगडच्या खेड्यात तांदळाच्या पिठाची अंगाकर रोटी अशीच पानांत धरून निखाऱ्यावर भाजतात. तो पळस इथे परसा होतो. पान तेच, विस्तव तोच, तिकडे गहू आणि इकडे तांदूळ. आपण इथे किती परके आणि किती घरचे, याचा हिशोब मला त्या पानावर होताना दिसतो.

आणि जेवायला पत्रावळी. कागदी ताटल्या नकोत. गरम चहा-पाण्याचे कागदी कप आतून प्लास्टिकच्या पातळ थराने लेपलेले असतात. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० साली दाखवले, की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटे ठेवले तर सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण त्यात उतरतात. भजी-पापड वर्तमानपत्रावर काढायची आपली जुनी सवयही सोडावी. छपाईची शाई पोटात जाते म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये तशी सूचना काढली होती. आपल्या आजूबाजूच्या जंगलात पळस, साल, माहूल यांची पाने आहेत, ती विणणाऱ्या बायका आहेत, बाजारात दोना-पत्तल मिळते. जेवण झाले की खतात.

ट्रंकेतले कागद

स्वयंपाकघरातला कागद गेला. आता कपाटातल्या कागदाकडे वळतो.

आपण मराठी माणसे छत्तीसगडात आलो ती कागद घेऊनच. १७४१ मध्ये भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर इकडे आले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपूरला राहून राज्य पाहत होते. त्यांच्या मागोमाग कारकून, फडणीस, वैद्य, पुजारी आले. पुढे रेल्वे, कचेऱ्या, शाळा, कोर्ट यांत आपली माणसे लागली. तात्यापारा हे आपल्या शहरातल्या वस्तीचे नावच सगळे सांगून जाते. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढले, आणि पुढे समर्थांचा दासबोध हिंदीत आणला. त्या दासबोधात पोथी कशी लिहावी, अक्षर कसे असावे, कागद कसा राखावा यावर अख्खा समास आहे. लिहून ठेवणे हा आपल्या रक्तातला गुण.

त्यामुळे प्रत्येक घरात एक पत्र्याची ट्रंक असे. त्यात घराचे खरेदीखत, विम्याच्या पॉलिसी, आजोबांच्या नेमणुकीचे पत्र, गावाकडचा सातबारा, मुलांच्या पत्रिका. ट्रंकेला कुलूप असे, किल्ली देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला असे आणि ते घरातल्या सगळ्यांना माहीत असे.

ती ट्रंक आता रिकामी होत चालली आहे, आणि व्हायलाच हवी. आपल्या पावसाळ्यात कागदाला बुरशी येते, वाळवी लागते. दुकानातले गुळगुळीत बिल तर दोन उन्हाळ्यांत कोरे होते, कारण ते उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेले असते. रेल्वेने स्वतःच कागद किती कमी केला पाहा. २०१८ च्या मार्चपासून मोठ्या स्थानकांवर डब्यांना आरक्षणाचे तक्ते चिकटवणे बंद करून पाहिले. ऑगस्ट २०२० मध्ये आपला पास मोबाइलवर आला. पासासाठी बाबूच्या टेबलापुढे उभे राहणे संपले. डिजिलॉकर २०१५ पासून आहे. त्यात सरकारी खात्याने थेट दिलेले लायसन्स, गाडीचे आरसी, गुणपत्रिका या कायद्याने मूळ कागदाच्या तोडीच्या आहेत. मात्र आपणच फोटो काढून चढवलेला कागद हा फोटोच राहतो, हा फरक ध्यानात ठेवा. भंडारा-गोंदियाकडे ज्यांचे शेत आहे त्यांना २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा रायपुरात बसून मिळतो, आणि इथल्या जमिनीचा खसरा व बी-१ 'भुइयां'वर दिसतो. सेवानिवृत्त मंडळींना हयातीचा दाखला २०१४ पासून 'जीवन प्रमाण'ने देता येतो.

हे सगळे चांगले आहे. पण ट्रंकेची किल्ली खिळ्याला होती. मोबाइलची किल्ली एका माणसाचा अंगठा आहे.

आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, त्यांना ओळखणारे इथे आहेत. अतिशय व्यवस्थित माणूस. निवृत्तीला दोन वर्षे राहिली होती. घरातला सगळा कागद त्यांनी हळूहळू मोबाइलवर नेला. वीज, पाणी, विमा, मुदत ठेवी, मुलीच्या कॉलेजची फी, सगळे तिथूनच. आम्हाला ते कौतुकाने दाखवत. एका पहाटे छातीत दुखले आणि दवाखान्यात पोचायच्या आधी गेले.

वहिनींनी त्या घरात तीस वर्षे संसार केला होता. डाळीचा दाणा कुठे आहे ते त्यांना अंधारात सापडले असते. पण फोन उघडेना. ठेवी कोणत्या बँकेत, किती, वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, काहीच माहीत नाही. तेराव्याला आम्ही गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "भावजी, तुम्ही इतकी वर्षे त्यांच्याबरोबर होतात, तुम्हाला काही सांगितले असेल ना." आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. त्यांच्या सेक्शनमधली प्रत्येक कमकुवत जागा आम्हाला किलोमीटर आणि खांबासकट पाठ होती, कारण त्यांनी आम्हाला चार्ज दिलेला होता. घराबद्दल त्यांनी कोणाला एक अक्षर सांगितले नव्हते.

रेल्वेचे पैसे मिळाले, कारण सेवापुस्तकात नोंद होती. बाकीचे शोधायला वर्ष गेले. एक विमा तर हप्ता थकल्याचे पत्र पोस्टाने आले तेव्हा कळला. ते पत्र आले नसते तर?

असे एकाच घरात होत नाही. दहा वर्षे कोणी न विचारलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करतात. त्या शोधायला रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्‌गम' नावाचे पोर्टल उघडले. ते उघडावे लागले यातच सगळे आले.

आणि उलटी बाजूही तेवढीच खरी. दुसऱ्या एका घरी वहिनी डेंग्यूने आठ दिवस दवाखान्यात होत्या. नवरा मोठा हुशार इंजिनियर. त्याने सलाइन लावलेल्या बायकोला फोन करून विचारले, आईची गोळी कुठली आणि चहाची साखर कुठे. ऐकून आपण हसतो. पण आईने त्या आठवड्यात गोळी दोन वेळा चुकवली होती.

एका घरात अशी दोन खाती असतात, एकाचे दुसऱ्याला माहीत नसते आणि रिलीव्हर दोन्हीकडे नाही.

चार्ज लिस्ट कशी करावी

तेव्हा माझी सूचना अशी. बहुतेक कागद जाऊ द्या, पण एक कागद ठेवा. आमच्या घरी तो एका वहीची चार पाने आहे. कसा केला ते सांगतो.

पहिल्या पानावर माणसे आणि औषधे. घरातल्या प्रत्येकाचा रक्तगट, कसली ॲलर्जी, रोजच्या गोळ्या, डॉक्टर, रेल्वेच्या दवाखान्याचा युमिड क्रमांक.

दुसऱ्या पानावर पैसे. कुठल्या बँकेत खाते, कुठे ठेव, कुठली पॉलिसी, कुठले कर्ज, प्रत्येकाला वारस कोण. पिन आणि पासवर्ड लिहायचे नाहीत, ते कोणालाच द्यायचे नसतात. बँकेचे खाते जोडीने आणि 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात राहील तो' या पद्धतीचे असले की पिन मागायची वेळच येत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती लावता येतात. फक्त फोन उघडायचा आकडा बंद पाकिटात घालून कपाटात ठेवायचा. आणि पानाच्या तळाशी मोठ्या अक्षरात १९३०. ऑनलाइन फसवणूक झाली तर ताबडतोब फिरवायचा हा नंबर, तो आजीलाही पाठ हवा.

तिसऱ्या पानावर घर. गॅसचा ग्राहक क्रमांक, विजेचा क्रमांक, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे, प्लंबर, दूधवाला, कामवाल्या मावशी, शाळेचा रिक्षावाला.

चौथे पान आमच्या घरातल्या दोन बायकांनी लिहिले. कुठली डाळ कुठल्या डब्यात, पापड-लोणची कधी घालायची, गव्हाला कधी ऊन द्यायचे, कोणत्या सणाला काय लागते. माझ्या आईने शेवटी लिहिले, 'तुळशीला पाणी. रोज.'

हे पान लिहिताना आमच्या सौ.नी एक गोष्ट सांगितली ती मला महत्त्वाची वाटते. त्या म्हणाल्या, "इडलीचे पीठ किती आंबले हे मी कसे लिहू? ते वासावरून कळते." अगदी खरे आहे. आमच्याकडेही सगळे रजिस्टरात येत नाही. रुळावर हातोडी मारून आवाज ऐकावा लागतो. म्हणून लिस्ट दिली तरी ट्रॉलीवर दोघांना बसावे लागते. वर्षातून काही दिवस खरोखर अदलाबदल करा. तिने एक महिना बिले भरावीत, ठेवीचे नूतनीकरण करावे, विम्याच्या कार्यालयात जावे. त्याने एक आठवडा डबे भरावेत, आईच्या गोळ्या द्याव्यात, दूधवाल्याचा हिशोब करावा. रविवारची शेगडी ही त्याची सुरुवात. आमचा मुलगा सातवीत आहे, निखारा कधी तयार झाला ते तो आता माझ्याआधी ओळखतो. मुलगी घराचे विजेचे बिल भरते आणि मागच्या महिन्यापेक्षा जास्त आले तर मला जाब विचारते.

आता कोणते कागद जपायचे तेही सांगतो. घराचे नोंदणीकृत खरेदीखत मूळचे जपा. आणि मृत्युपत्र. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा मृत्युपत्राला लागू नाही. मोबाइलवर टाइप करून ठेवलेले किंवा व्हॉट्सॲपवर पाठवलेले चालत नाही. कागदावर लिहायचे, सही करायची, दोन साक्षीदारांनीही सही करायची. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. आणि लक्षात घ्या, वारस म्हणून बँकेत ज्याचे नाव लावतो तो पैसे हातात घेणारा, मालक तोच ठरेल असे नाही. त्यासाठी मृत्युपत्र. गणपतीपुढे हा विषय काढला म्हणून कोणी वाईट वाटून घेऊ नका. संरक्षणाचा लाल बावटा लावला म्हणून अपघात होत नाही.

जाता जाता बाप्पाबद्दल. व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले ही कथा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. गणपतीची अट होती, की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांची उलट अट होती, की अर्थ कळल्याशिवाय लिहायचे नाही. ज्या देवाची आपण दहा दिवस पूजा करतो तो लिहिणारा देव आहे, आणि समजून लिहिणारा आहे. घराची चार पाने लिहायला बसाल तेव्हा व्यासांची ती अट पाळा. डबा कुठे आहे एवढेच विचारू नका, तो तिथेच का ठेवला तेही विचारा.

अनंत चतुर्दशीला अजून चार दिवस आहेत. एक वही, एक पेन आणि घरातली सगळी माणसे घेऊन एक तास बसा. शेवटी आमच्या पद्धतीप्रमाणे दोघांच्या सह्या करा, तारीख घाला, आणि पुढच्या गणेशोत्सवात ती पाने पुन्हा काढून दुरुस्त करा.

 गणपती बाप्पा मोरया!